फरशीखालच्या हीटिंगमध्ये कुठल्या लूपला किती पाणी सोडायचं, घरच्या घरी हिशोब

मॅनिफोल्डची पेटी, म्हणजे जिथून फरशीतल्या पाईपच्या प्रत्येक फेरीला (लूपला) गरम पाणी वाटलं जातं ती, उघडली की वरच्या दांडीवर छोट्या पारदर्शक नळ्या दिसतात, त्यावर ० ते ५ असे आकडे, आत एक बारीक रंगीत तुकडा वरखाली होत असतो. हे फ्लो मीटर. मिनिटाला किती लिटर पाणी त्या लूपमधून जातंय ते दाखवतं, आणि तेच फिरवून ते पाणी कमीजास्त करतात. आणि बहुतेक घरांत हे सगळे मीटर एकाच आकड्यावर लावलेले असतात, सगळे २ वर किंवा सगळे पूर्ण उघडे. माझ्याकडेही तसंच होतं, काम करणारा माणूस सगळं २ वर लावून गेला आणि पहिली थंडी आली तेव्हा बाथरूम तापलेलं आणि टोकाची बेडरूम गार. मग मी पंपाचा स्पीड वाढवला, बॉयलरचं तापमान वाढवलं, सगळं करून झालं, पण बेडरूम काही तापेना. शेवटी कागद घेऊन बसलो तेव्हा कळलं की त्या २ ला काही अर्थच नव्हता, कारण प्रत्येक खोलीला लागणारी उष्णता वेगळी आणि प्रत्येक पाईपची लांबी वेगळी.

हिशोब अवघड नाहीये. गुणाकार भागाकार येत असला की पुरे. फक्त क्रम नीट पाळायचा, आधी खोलीला किती वॅट लागतात ते, मग पाणी किती अंश थंड होऊन परत यावं ते ठरवायचं, मग लिटर, मग पाईपला ते झेपतंय का, आणि सगळ्यात शेवटी मीटरला हात लावायचा. लोक शेवटापासून सुरू करतात तिथेच घोळ होतो.

सगळ्यात आधी एक सूत्र

पाणी उष्णता वाहून नेतं. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने थंड झालं की साधारण ४.१९ किलोज्यूल उष्णता सोडतं. म्हणजे मिनिटाला एक लिटर पाणी वाहतंय आणि ते लूपमध्ये एक अंश थंड होतंय, तर ४१९० ज्यूल भागिले ६० सेकंद, जवळपास ७० वॅट. हा ७० पाठ करून टाका, सगळा हिशोब यावरच आहे.

मिनिटाला लागणारे लिटर = वॅट ÷ (७० × किती अंश थंड होतंय)

तासाच्या लिटरमध्ये पाहिजे असेल तर वॅट गुणिले ०.८६ भागिले अंश. दोन्ही एकच आहे, पंपाच्या कागदावर तासाचे आकडे असतात म्हणून दुसरं सांगितलं. आणि जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्याच्या तापमानातला जो फरक आहे त्याला सगळे डेल्टा टी म्हणतात, मीही पुढे तेच म्हणतो.

पाण्यात अँटिफ्रीझ टाकलेलं असेल तर मात्र ७० धरू नका. ३० टक्क्यांच्या आसपास ग्लायकोल असलं की तेवढंच मिश्रण पाण्यापेक्षा कमी उष्णता नेतं, ६४-६५ धरलं तर बरोबर येतं, शिवाय ते दाट असतं म्हणून पंपालाही जड जातं. नुसत्या घरातल्या फरशीच्या लूपमध्ये सहसा साधं पाणीच असतं.

खोलीला किती वॅट लागतात

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. बाकीचं सगळं ह्या आकड्यावर उभं आहे, हा चुकला तर पुढचं कितीही बारीक काढलं तरी उपयोग नाही.

खोलीतली उष्णता दोन वाटांनी जाते, भिंती-खिडक्या-छतातून, आणि हवेतून. पहिल्या वाटेचा हिशोब असा की क्षेत्रफळ गुणिले यू व्हॅल्यू गुणिले आतबाहेरच्या तापमानातला फरक. यू व्हॅल्यू म्हणजे एका चौरस मीटरमधून एका अंशाच्या फरकाला किती वॅट निघून जातात तो आकडा. दुसऱ्या वाटेसाठी ०.३३ गुणिले खोलीचं आकारमान घनमीटरमध्ये, गुणिले तासात किती वेळा हवा बदलते तो आकडा, गुणिले तापमानातला फरक.

एक खोली घेऊन करू. बसायची खोली, ५ मीटर बाय ४.८ मीटर, उंची अडीच मीटर. म्हणजे २४ चौरस मीटर, ६० घनमीटर. दोन भिंती बाहेरच्या बाजूला, त्यांचं मिळून २४.५ चौरस मीटर, त्यातल्या ६ चौरस मीटर खिडक्या, उरली १८.५ भिंत. आत २० अंश पाहिजे, बाहेर उणे ५ धरू, फरक २५. बाहेरचा आकडा तुम्ही तुमच्या भागातल्या कडक थंडीचा घ्या, दहा वर्षांत एकदा पडलेल्या विक्रमी थंडीचा घेऊ नका नाहीतर सगळंच फुगतं.

भिंत, यू व्हॅल्यू ०.६ धरली तर १८.५ × ०.६ × २५ = २७८ वॅट.
खिडक्या, यू व्हॅल्यू २ धरली तर ६ × २ × २५ = ३०० वॅट.
छत, वर इन्सुलेशन आहे, ०.२५ धरलं तर २४ × ०.२५ × २५ = १५० वॅट.
हवा, तासाला एकदा बदलते धरलं तर ०.३३ × ६० × १ × २५ = ४९५ वॅट.

बेरीज साधारण १२२० वॅट. बघा की, सगळ्यात मोठा तुकडा हवेचा आहे. लोक भिंतीच्या इन्सुलेशनचा विचार करत बसतात आणि दाराखालची फट तशीच, तर आधी फटी बुजवा आणि मग हिशोब करा, लागणारं पाणीही तेवढंच कमी होतं. घर नवीन आणि घट्ट असेल तर हाच आकडा अर्ध्यावर येऊ शकतो, जुनं असेल तर दुप्पट, म्हणून दुसऱ्या कुणाच्या घरातले लिटर आपल्याकडे लावण्यात अर्थ नसतो.

ह्यात खालची जमीन धरली नाही, मुद्दाम. पाईप फरशीतच असल्यामुळे खाली जाणारी उष्णता वेगळी धरतात. पाईपखाली चांगलं इन्सुलेशन असेल तर साधारण १० टक्के वाढवायचे, म्हणजे १२२० चे १३५० वॅट. पाण्याला हे १३५० न्यायचेत. इन्सुलेशन पातळ असेल किंवा नसेलच तर १० टक्क्यांत भागत नाही, तिथे बरंच जास्त जातं आणि ते पाण्याने भरून काढायचा नाद करू नये.

फरशीला तेवढं देता येतं का

हा टप्पा सगळे सोडून देतात. फरशीतून किती उष्णता वर येऊ शकते त्याला मर्यादा आहे, कारण फरशी पायाला चटका बसेल एवढी तापवता येत नाही. युरोपच्या ईएन १२६४ ह्या मानकात राहत्या जागेसाठी पृष्ठभाग जास्तीत जास्त २९ अंश, बाथरूमसाठी ३३, आणि खिडक्यांजवळच्या कडेच्या पट्ट्याला ३५ असं धरतात. खोली २० वर आणि फरशी २९ वर, म्हणजे ९ अंश फरक, तेव्हा एका चौरस मीटरमधून साधारण १०० वॅट येतात. बाथरूम २४ वर धरलं तर तिथेही ३३ पर्यंत तेच ९ अंश, तेच १०० वॅट. हे छप्पर आहे, ह्याच्या वर जायचं नाही.

आता आपल्या खोलीत कपाटाखाली पाईप नाही म्हणून २२ चौरस मीटरच तापणारी फरशी आहे असं धरू. १२२० भागिले २२, म्हणजे चौरस मीटरला ५५ वॅट. १०० च्या खूप खाली, चिंता नाही. आणि गंमत अशी की ५५ वॅटला फरशीचा पृष्ठभाग फक्त २५ अंशांच्या थोडा वर असतो. तळपायापेक्षा हे थंडच, म्हणजे पायाला काही गरम लागणार नाही, आणि तरीही खोली व्यवस्थित २० वर राहील. फरशी गरमच लागत नाही म्हणून पाणी वाढवणारे खूप जण बघितलेत, कृपा करून खोलीतलं थर्मामीटर बघा, तळव्यावर जाऊ नका.

बाथरूम मात्र बघा. एकूण जागा ४.५ चौरस मीटर, पण टब, कमोड वगैरे जाऊन पाईपची जागा ३.२. गरज समजा ४०० वॅट. ४०० भागिले ३.२ म्हणजे १२५, छपराच्या वर गेलं. त्यातून पाण्याचं तापमान सगळ्या लूपला एकच मिळतं आणि बाथरूम मुळातच जास्त उबदार ठेवायचं असतं, त्यामुळे प्रत्यक्षात १०० सुद्धा येत नाहीत, ८० धरलेले बरे. म्हणजे २५५ वॅट फरशीतून, बाकीचे १४५ टॉवेल रेडिएटरमधून. इथे कितीही लिटर सोडले तरी फरशी एकटी पुरणार नाही, हे कागदावर आधीच दिसतं.

डेल्टा टी किती धरायचा

हा आकडा मोजून मिळत नाही, तो तुम्ही ठरवता. फरशीसाठी ५ ते १० अंशांच्या मध्ये ठेवतात. हीट पंप (बाहेरची उष्णता आत खेचून पाणी तापवणारं यंत्र) असेल तर ५ च्या आसपास, कारण त्याला खूप गरम जाऊन थंडगार परतणाऱ्या पाण्यापेक्षा कमी तापमानाचं आणि भरपूर वाहणारं पाणी आवडतं, आणि बहुतेक हीट पंपांना कमीत कमी इतकं पाणी वाहिलंच पाहिजे अशी अट असते, ती मॅन्युअलमध्ये बघा. बॉयलर असेल तर ७ ते १० चालतं.

कमी धरलं तर जास्त पाणी, जास्त पंप, पण फरशी एकसारखी तापते. जास्त धरलं तर कमी पाणी, पण लूपच्या शेवटी शेवटी फरशी गार लागायला लागते, खासकरून पाईप नागमोडी टाकलेला असेल तर, गोल चक्रीसारखा टाकलेला असेल तर जाणारा आणि येणारा पाईप शेजारी शेजारी येतात म्हणून फरक कळत नाही. मी ७ घेतो.

आता इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायचीये, कारण माझा स्वतःचा एक अख्खा हिवाळा ह्यात गेला. पाणी दुप्पट केलं तर उष्णता दुप्पट होत नाही. खोली २०, जाणारं पाणी ४०, येणारं ३०, म्हणजे लूपमधलं सरासरी पाणी ३५, खोलीपेक्षा १५ वर. फरशी किती देणार हे ह्या १५ वर ठरतं. आता पाणी दुप्पट सोडलं. डेल्टा टी १० वरून ६ च्या आत येतो, सरासरी साधारण ३७ वर जाते, खोलीपेक्षा १७ वर. १५ चे १७, म्हणजे जेमतेम १४ टक्के वाढ. आणि तेवढ्यासाठी पाईपमधला विरोध सव्वातीन पटीपेक्षा जास्त वाढतो. तीच १४ टक्के वाढ जाणारं पाणी ४० ऐवजी ४३ केलं की मिळते, पंपाला हात न लावता. म्हणून पाण्याचं प्रमाण हे खोल्या-खोल्यांमध्ये वाटणी करण्यासाठी, आणि सगळं घरच गार असेल तर तापमान. सगळ्याच खोल्या गार आहेत आणि तुम्ही मीटर फिरवत बसलात तर हाती काही लागत नाही.

आता लिटर काढू

बसायची खोली, १३५० ÷ (७० × ७) = २.७६ लिटर मिनिटाला.

पण हे एका लूपमध्ये जाणार नाही. पाईप १५० मिलीमीटर अंतराने टाकला असेल तर प्रत्येक चौरस मीटरला ६.७ मीटर पाईप लागतो, २०० च्या अंतराने ५ मीटर, १०० ने १० मीटर. २२ × ६.७ म्हणजे १४७ मीटर. १६ मिलीमीटरच्या पाईपला एका लूपची लांबी १०० मीटरच्या आत ठेवायची, म्हणून दोन लूप, प्रत्येकी ७३ मीटर आणि मॅनिफोल्डपासून जायचे-यायचे मिळून १० मीटर, ८३-८४ झाले. प्रत्येक लूपला २.७६ चे अर्धे, १.३८ लिटर. मॅनिफोल्डपर्यंतचा जाण्यायेण्याचा पाईप विसरू नका, लांबच्या खोलीत तो वीस मीटरपर्यंत जातो. आणि हे सगळे पाईप ज्या पॅसेजमधून जातात तो पॅसेज आपोआप तापतो, तिथे वेगळी लूप टाकायची बऱ्याचदा गरजच नसते.

बेडरूम १२ चौरस मीटर, तसाच हिशोब केला आणि ५४० वॅट आले असं धरा, १० टक्के घालून ६००. ६०० ÷ ४९० = १.२२ लिटर. पाईप ८० मीटर आणि खोली लांब म्हणून १६ मीटर येण्याजाण्याचे, ९६. एक लूप, १०० मीटरच्या मर्यादेला टेकलेली.

बाथरूम २५५ ला १० टक्के घालून २८० वॅट. इथे फरशी तोकडी आहे म्हणून सरासरी पाणी जितकं गरम ठेवता येईल तेवढं बरं, म्हणून डेल्टा टी ५ घेतो. २८० ÷ ३५० = ०.८ लिटर. पाईप १०० च्या अंतराने, ३२ मीटर आणि वर ६.

एकूण १.३८ + १.३८ + १.२२ + ०.८ = ४.८ लिटर मिनिटाला. तासाला २८७ च्या आसपास.

आता बघा, माझ्याकडे चारही २ वर होते तशी इथे वाटणी केली असती तर बाथरूमला गरजेच्या अडीचपट पाणी गेलं असतं. बरं, पंपाची ताकद सगळ्यांना पुरून उरणारी नसेल तर बेडरूमचा मीटर २ साठी उघडलेला असला तरी तिथे प्रत्यक्षात कमीच पोचणार, कारण पाणी सोपी वाट धरतं.

पाईपला आणि पंपाला झेपतंय का

१६ बाय २ चा पाईप, म्हणजे बाहेरून १६ आणि भिंत २, तर आतून १२ मिलीमीटर. एका मीटरमध्ये ०.११३ लिटर पाणी मावतं. ८४ मीटरच्या लूपमध्ये साडेनऊ लिटर, आणि १.३८ ने वाहिलं तर एका थेंबाला पूर्ण फेरी मारून यायला जवळजवळ ७ मिनिटं. हा आकडा लक्षात असला की मीटर फिरवून दोन मिनिटांत परतणाऱ्या (रिटर्न) पाईपला हात लावून बघायची घाई होत नाही.

विरोधाचं म्हणाल तर ह्या पाईपमध्ये मिनिटाला २ लिटर वाहिले की दर मीटरला साधारण १३५ पास्कल दाब खर्च होतो. १.३८ ला साधारण ७०. ३ लिटरला २७० च्या वर. सरळ पटीत वाढत नाही हे दिसतंच आहे. आपली बसायच्या खोलीची लूप ८४ × ७० म्हणजे ५.९ किलोपास्कल. बेडरूम ९६ मीटर पण पाणी कमी, साडेपाच किलोपास्कल. आणि बाथरूम ०.८ लिटरला फक्त पाऊण किलोपास्कलच्या आसपास. हाच तो मुद्दा. बाथरूमचा व्हॉल्व्ह आवळला नाही आणि तिलाही बाकीच्यांसारखा ६ किलोपास्कल मिळाला तर ती ०.८ ऐवजी दोन लिटरच्या वर पाणी ओढते. छोटी लूप दाबून ठेवल्याशिवाय मोठ्या लूपला न्याय मिळत नाही.

पंप निवडताना लूपचे विरोध एकत्र बेरीज करायचे नाहीत, ही चूक फार होते. लूप समांतर आहेत, सगळ्यात जड जी असेल तिचाच विरोध घ्यायचा, त्यात मॅनिफोल्डचे व्हॉल्व्ह, मीटर, मिक्सिंग व्हॉल्व्ह ह्यांचे मिळवायचे. आपल्याकडे लूपचे ६, बाकीचे १०-१२ धरले तर १६ ते १८ किलोपास्कल, म्हणजे १.६ ते १.८ मीटर हेड (पाण्याच्या तेवढ्या उंचीइतका दाब), आणि वाहणं ४.८ लिटर. मात्र बाकीच्यांचे आकडे अंदाजाने न घेता त्या त्या वस्तूच्या कागदावरून घ्या. घरात नेहमी बसवतात तो ६ मीटरचा पंप ह्याला भरपूर झाला, उलट तो कमीवरच ठेवावा लागेल. पंपाला कॉन्स्टंट प्रेशर मोड, म्हणजे दाब एकसारखा ठेवायची सोय, असेल तर तोच ठेवा, कारण एखादी खोली तापून तिचा व्हॉल्व्ह बंद झाला तरी बाकीच्यांचं पाणी मग बदलत नाही.

मिक्सिंग व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंचं पाणी एक नसतं

बॉयलरकडून ६५ अंशांचं पाणी येतं, मिक्सिंग व्हॉल्व्ह त्यात फरशीतून परतलेलं ३३ अंशांचं मिसळून ४० करतो. एकूण उष्णता १३५० + ६०० + २८० = २२३० वॅट. फरशीच्या बाजूला ४.८ लिटर फिरतायत, पण बॉयलरच्या बाजूला पाणी ६५ वरून ३३ वर येतं, ३२ अंशांचा फरक, म्हणून २२३० ÷ (७० × ३२) = १ लिटर फक्त. त्यामुळे बॉयलरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा पाईप बारीक दिसला तरी घाबरायचं कारण नाही. हीट पंप थेट ४० चं पाणी पाठवत असेल तर मात्र पूर्ण ४.८ लिटर त्याच पाईपातून जाणार आणि मग पाईपची जाडी नीट बघावी लागते.

प्रत्यक्ष लावायला बसताना

आधी हवा काढा. एकेक लूप उघडी ठेवून बाकीच्या बंद करून पाणी जोरात फिरवून धुवायची, सगळ्या एकदम उघडून हवा निघत नाही कारण पाणी परत सोप्या वाटेनेच जातं. मीटरमधला तुकडा थरथरत किंवा उड्या मारत असेल तर आत अजून हवा आहे. आणि पंप बंद असताना तुकडा शून्यावर येतो का ते बघा, गाळाने अडकलेला मीटर खोटा आकडा दाखवत बसतो.

मग सगळ्या खोल्यांचे थर्मोस्टॅट वर करा म्हणजे सगळे ॲक्च्युएटर, थर्मोस्टॅटच्या इशाऱ्यावर लूपचा व्हॉल्व्ह उघडबंद करणारे, उघडतील. ते उघडायला काही मिनिटं घेतात, तेवढा वेळ थांबा. नाहीतर सरळ ॲक्च्युएटर काढून ठेवा. बंद ॲक्च्युएटरवर मीटर शून्य दाखवतो आणि माणूस उगाच लूप चोंदली म्हणून शोधत बसतो.

आता ज्या लूपचा विरोध सगळ्यात जास्त ती पूर्ण उघडी ठेवायची. पंप तितकाच वाढवायचा की तिला तिचे लिटर मिळतील. मग बाकीच्या एकेक करून आपल्या आकड्यावर आणायच्या. एक आवळली की तिचं पाणी दुसऱ्यांकडे जातं, त्यामुळे पहिल्या फेरीत लावलेलं सगळं हलतं. दुसरी फेरी मारा, तिसरी मारा. तिसरीत सहसा स्थिर होतं. १.३८ च्या ऐवजी १.४ वर आलं तरी पुरे, ह्या मीटरवर त्याहून बारीक वाचताही येत नाही. ०.८ सारखे छोटे आकडे तर डोळ्याने अंदाजेच लावावे लागतात.

स्क्रीड, म्हणजे पाईपवर ओतलेला थर, नवीन घातलेलं असेल तर हे सगळं करायच्या आधी त्याचं पहिलं तापवणं झालेलं पाहिजे. सिमेंटचं असेल तर घातल्यापासून निदान २१ दिवस, कॅल्शियम सल्फेटचं असेल तर ७ दिवस थांबून, मग २० ते २५ अंशांचं पाणी ३ दिवस आणि त्यानंतर पूर्ण तापमान ४ दिवस, असं वरचं ईएन १२६४ मानक सांगतं. बनवणाऱ्याने वेगळं सांगितलं असेल तर त्याचं ऐका. घाई केली तर स्क्रीडला भेगा जातात आणि त्या दुरुस्त करणं फार महागात पडतं.

मग रिटर्न मोजा

मीटर लावून झाले की निदान एक दिवस काही करू नका. जाड स्क्रीड तापायला तास न् तास लागतात, गार फरशीवर सुरुवातीला डेल्टा टी १२-१५ सुद्धा दिसतो आणि तो खरा नसतो.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक लूपच्या रिटर्नचं तापमान घ्या. पाईपवर बांधायचे छोटे थर्मामीटर मिळतात, ते चांगले. हातातलं इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पितळेवर मारलं तर चुकीचं वाचतं, म्हणून आधी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर मारा. प्लॅस्टिक पाईपवर आतल्या पाण्यापेक्षा थोडं कमी दिसतं, पण सगळ्या लूपवर एकाच पद्धतीने मोजलं तर तुलना बरोबर येते.

आणि इथे एक फसवणूक आहे. ७ अंशांचा डेल्टा टी हा उणे ५ च्या दिवसासाठी होता. आज बाहेर १० अंश आहे, तर गरज २५ ऐवजी १० अंशांच्या फरकाची, म्हणजे ४० टक्के. लिटर तेवढेच असतील तर डेल्टा टी पण ७ च्या ४० टक्के, २.८ च दिसायला हवा. तो ३ दिसला म्हणून पाणी जास्त झालं असं समजून सगळे मीटर आवळले तर कडक थंडीत घर गार पडेल. मोजायच्या दिवशी आधी हे काढा:

आजचा अपेक्षित डेल्टा टी = ठरवलेला डेल्टा टी × (आत − आज बाहेर) ÷ (आत − डिझाइनचं बाहेर)

बाहेर ५ अंश असेल तर ७ × १५ ÷ २५, म्हणजे ४.२. हे आजचं ऊन, खोलीतली माणसं, चालू ओव्हन ह्यांनी हलतं म्हणून ढगाळ दिवशी किंवा रात्री मोजलेलं बरं.

एखाद्या लूपचा रिटर्न बाकीच्यांपेक्षा २ अंश थंड असेल आणि ती खोलीही गार असेल, तर तिला थोडं पाणी वाढवा, पाव लिटर वगैरे. रिटर्न थंड पण खोली ठीक, तर सोडून द्या. रिटर्न बाकीच्यांसारखाच, पाणीही ठरल्याएवढं आणि तरी खोली गार, तर पाण्याचा दोष नाही, ती खोली तुम्ही धरलेल्यापेक्षा जास्त उष्णता गमावतेय किंवा फरशीवर काहीतरी जाड पडलंय. गालिचाचं उदाहरण घ्या, ०.१ रेझिस्टन्सचा (उष्णता अडवण्याचा आकडा, यू व्हॅल्यूच्या उलट) थर असेल आणि ५५ वॅट त्यातून न्यायचे असतील तर त्या थरातच ५.५ अंश खर्च होतात, म्हणजे पाणी तेवढं जास्त गरम पाहिजे. फरशीवरच्या सगळ्या थरांचा मिळून हा आकडा ०.१५ च्या वर जाऊ देऊ नये असं धरतात.

जुन्या मॅनिफोल्डवर मीटरच नसतात, तिथे फक्त रिटर्नवरच काम करावं लागतं. छोट्या लूप अर्ध्याहून जास्त आवळून सुरुवात करायची, लांब लूप पूर्ण उघडी, आणि रोज एकदा रिटर्न बघून जी जास्त गरम परततेय ती अर्धा फेरा आवळायची. वेळ जातो, चार-पाच दिवस सहज, पण शेवट तिथेच येतो.

लावून झालं की प्रत्येक लूपचं नाव, लांबी, वॅट, लिटर आणि मोजलेला रिटर्न, त्या दिवशीचं बाहेरचं तापमान, सगळं एका कागदावर लिहून मॅनिफोल्डच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या वर्षी पंप बदलला किंवा कुणी एखादा व्हॉल्व्ह फिरवून गेला, तर परत कुठे आणायचं ते तिथेच लिहिलेलं असेल.